बोलून राहिला अजून

मिक्सरचं भांडं तीनदा धुतलं,
एकदा तांदूळ फिरवून काढले,
तरी झाकणाच्या रबरात
दिवाळीनंतरचं सावजी मटण बसून होतंच.
त्यातच मग सुंठ, दालचिनी, सहा लवंगा,
वरून अर्धं जायफळ किसून.
म्हटलं, आला दगडफुलाचा वास तर येऊ दे.
नागपूरचा केक आहे.

साली गेल्या रविवारपासून पाकात आहेत.
कॉटन मार्केटची संत्री, अंबिया बहाराची, सैल अंगाची,
सोलताना बोटांना काही कामच उरत नाही.
आतला पांढरा पापुद्रा मात्र खरवडावा लागतो.
नखं अजून कडू लागतात.

पप्पांनी बोनसमधून आणलेला गोल ओव्हन,
काचेचं झाकण, वायरीवर कापडाची नक्षी.
एका वेळी एकच थर मावतो.
चार थर म्हणजे चार पाळ्या.

पूर्वी ते गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून उतरत
आणि तिथूनच ओरडत,
"सुवार्ता, लवंग जास्त झाली!"
मग तो ताप आला, आणि गेला,
जाताना नाक घेऊन गेला.
आता ते जेवतात हजेरीपटावर सही केल्यासारखे.
एकदा दूध जळून भांडं काळं झालं,
हे शेजारी बसून पेपर वाचत होते.

पहिला थर निघाला.
मी विणायची सुई खुपसली, कोरडी आली.
"थांब," पप्पा म्हणाले.
स्टूल ओढलं, कानटोपी वर केली
आणि केकच्या गालाजवळ कान नेला.
"बोलून राहिला अजून."

चौतीस वर्षं यार्डात हातोडा घेऊन.
रात्री तीन वाजता, डिसेंबरात,
आत लोक वरच्या बर्थवर घोरत
आणि हे खाली चाकाचाकाला विचारत चाललेले,
ठण्ण, ठण्ण.
धड चाक लांबवर वाजत राहतं,
भेग असली की थप्पकन चूप.
"केकचं उलटं आहे," ते म्हणाले,
"कच्चा बोलतो. झाला की चूप."
मी वाकले. खरंच,
आत खूप दूर कुठेतरी
पापड ओला होत असल्यासारखं.

दुसरा. तिसरा.
चौथ्याच्या पाळीला लाईट गेली.
घोटलेलं पीठ घेऊन मी अंधारात उभी,
सोडा काही थांबत नसतो कुणासाठी.
ढोकेकाकूंनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलेलं.
"आण इकडं, माझ्याकडं फुटाण्याची वाळू आहे."
गॅसवर त्यांचं जाड पातेलं, आत कन्हानची वाळू,
वर परात, परातीवर खलबत्ता.

चाळीस मिनिटांनी सगळे त्या पातेल्याभोवती,
मोबाईलचा उजेड, काकूंची शाल,
त्यांचा नातू सुमेध काहीतरी कुजबुजला.
"चूप बस ना बे," काकू म्हणाल्या,
"नथानिएलजी ऐकून राहिले."
पप्पांनी डोळे मिटले.
मी त्यांना यार्डात कधी पाहिलं नव्हतं.
असेच दिसत असतील.
"झाला."

तो थर खालून करपला होता, मधोमध फुगला होता.
पप्पा म्हणाले, सगळ्यात खाली टाक,
वजन पडलं की बसतो बरोबर.
नाही बसला.
मधे मुरंबा, वर साली, आणि केक
वळणावरच्या डब्यासारखा डावीकडे कललेला.

पहिला तुकडा सुमेधला.
लाईट नुकतीच आलेली, तो डोळे बारीक करून चावत होता.
पप्पा साल चावत होते, "आवाज बेस आहे."
तेवढ्यात पोट्टं म्हणालं,
"ताई, याच्यातून सावजीचा वास येऊन राहिला."

काकू हसल्या. मी पदराआड.
पप्पाही हसले, मग थांबले,
तुकडा नाकाजवळ नेला,
खूप वेळ तसाच धरला.
"किती येऊन राहिला?" त्यांनी विचारलं,
"सांग ना रे. थोडा, की बराच?"